जा, वलीला सांग

माझ्या आधीच्या नवऱ्याच्या भिंतीला माझी भिंत लागून आहे. मध्ये एका विटेची जाडी. पलीकडे तो खोकला तर मला कळतं आणि अलीकडे मी कांदा फोडणीला टाकला तर त्याला कळतं. लोकांना वाटतं, मला याचा त्रास होत असेल. अजिबात नाही. ही जागा मी निवडून घेतली आहे.

माझं माहेर कर्जतचं. दिली खालापुरात, झुहेबला. जुन्या हायवेवर त्याचं टाइल्स आणि बाथरूमच्या सामानाचं दुकान. मुंबईवाल्यांनी आमच्या बाजूला इतके बंगले बांधलेत की नळ विकणाऱ्याला बसायला फुरसत नाही. फुरसत नसलेल्या माणसाने निदान भानगडी तरी करू नयेत, पण झुहेबने वेळ काढला. आमची सिद्रा पाच वर्षांची होती. एका शुक्रवारी तो जेवायला बसला तेव्हा त्याच्या करंगळीला मेंदी दिसली. आमच्यात नवरदेवाच्या करंगळीला मेंदी लावतात.

मी विचारलं, "टाइल्सच्या दुकानात मेंदी कधीपासून ठेवायला लागलात?"

त्याने हात ताटाखाली लपवला. पनवेलची तस्लीम माझ्या घरात अशी आली, आधी करंगळीवरून आणि मग दारातून.

मी रडले नाही असं नाही. पण रडून झाल्यावर जमातीत गेले आणि सुटका मागितली. काझी मोहियुद्दीनचाचा मध्ये बसलेले, एका बाजूला माझा भाऊ, दुसऱ्या बाजूला झुहेब आणि त्याची आई शहाजादीबी. सुटका द्यायला झुहेबने जराही ओढून धरलं नाही. ओढून धरलं ते पोरीवर.

"लहान हाय, तर ने आत्ता," तो म्हणाला. "पण तिचा वली मी. शाळा, कागद, उद्या तिचा निकाह, सगळं माझ्या शब्दावर होणार. आणि हिने कुणा परक्याशी निकाह केला, तर त्याच दिवशी पोरगी माझ्या घरात. शरियतीत हाय तसं. कोर्टबिर्ट नाय."

वली म्हणजे पालक. जन्म द्यायला आई, सांभाळायला आई, आणि पालक कोण तर बाप. हे मला तोपर्यंत कुणी समजावून सांगितलं नव्हतं. गरज पडली नव्हती.

मोहियुद्दीनचाचांनी चष्मा पुसला. "झुहेब, नीट बोल. परक्याशी केला तर, असंच म्हणतोस ना? विचार करून बोल रं."

"विचार करूनच बोलतोय. परक्याशी."

"ऐकलं सगळ्यांनी?"

सगळ्यांनी ऐकलं. माझ्या भावाने मान डोलावली. मला घरी न्यायची त्याला घाई होती, कारण रिक्षा थांबवून ठेवली होती.

झुहेबला पोरगी नको होती. ती बालवाडीत जाते की पहिलीत, हेही त्याला धड सांगता आलं नसतं. त्याला एवढंच हवं होतं की मी आयुष्यभर भावाच्या ओट्यावर बसून राहावं. आपण वापरायचं नाही आणि दुसऱ्याच्या घरातही लागू द्यायचं नाही, म्हणून जुनं बेसिन फोडून टाकतात ना, तसं.

कर्जतला मी तांदळाच्या रोट्या आणि वाफेवरची सांदणं करून द्यायला लागले. आजूबाजूला रिसॉर्ट आहेत, तिथल्या पाहुण्यांना गावचं खायचं असतं. दोन वर्षांनी नेरळचं एक स्थळ आलं. बायको वारलेला, शांत माणूस, दवाखान्यात कंपाउंडर. चहाला आला तेव्हा सिद्राने त्याला आपलं चित्र दाखवलं आणि त्याने ते उलटं धरून म्हशीचं कौतुक केलं. तो मोर होता. तरी मला माणूस बरा वाटला.

ही बातमी घाटाखालच्या सगळ्या गावांतून फिरून झुहेबकडे पोचली. तो गाडी घेऊन आला. हातात लाल रंगाची मोठी बॅग, नवीकोरी, रिकामी. ती त्याने ओट्यावर ठेवली आणि चेन उघडली.

"पोरीचं सामान भर."

सिद्रा आत पळाली. तांदळाच्या कणगीमागे जाऊन बसली, एक चप्पल पायात, एक हातात. मी दारात उभी राहिले. झुहेब माझ्याकडे बघून हसला. त्या हसण्याचं मी अजून काही केलेलं नाही. ते जपून ठेवलं आहे.

"अजून निकाह झाला नाय ना? मग राहू दे. बॅग मात्र इथंच ठेवतो. लागेल तुला."

आणि बॅग उघडी टाकून गेला.

नेरळच्या माणसाने निरोप पाठवला की मला कज्ज्यात पडायचं नाही. मी त्याला दोष दिला नाही. सिद्रा मात्र त्या बॅगेला भ्यायला लागली. माळ्यावर टाकली तर म्हणायची, वरून बघते. खाटेखाली सारली तर म्हणायची, खालून ऐकते. शेवटी मी तिला सांगितलं, "ही बॅग आपण तुझ्या अब्बाच्याच घरात नेऊन उघडू. आत मात्र माझं सामान असेल." पोरीला गप्प करायला काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. बोलून झाल्यावर ते मला फार आवडलं.

कर्जतच्या कोर्टासमोर दीक्षा नावाची पोशीरची वकीलबाई बसायची. माझ्याकडून रोट्या न्यायची. मी तिला सगळं सांगितलं.

"कोर्ट आधी मुलीचं भलं कशात आहे ते बघतं, ताई," ती म्हणाली. "बाप म्हणाला म्हणून पोर उचलून देत नाहीत. पण तो जमातीतलं बोलणं पुढे करणार, तुमचा कायदा पुढे करणार. केस चालेल. तारखांना पोरीला घेऊन यावं लागेल. तयारी आहे?"

"म्हणजे मी लग्न केलं की भांडण."

"परक्याशी केलं की भांडण. परका म्हणजे पोरीच्या जवळच्या नात्यात नसलेला माणूस. पोरीच्या सख्ख्या चुलत्याशी केलंत तर तो कशाला बोलतोय?" आणि ती आपल्याच बोलण्यावर हसली. "सॉरी ताई, मस्करी केली."

मी हसले नाही. मी म्हटलं, "दीक्षा, चहा सांग दोन. आणि ते चुलत्याचं परत एकदा सांग."

सिद्राला सख्खा चुलता होता. नदीम. झुहेबचा धाकटा भाऊ, शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायचा. चाळिशीला आलेला, बिनलग्नाचा. दोन ठिकाणी ठरून मोडलेलं, कारण मुलीकडच्यांनी काही विचारलं की हा इतका वेळ गप्प राहायचा की त्यांना वाटायचं, काहीतरी लपवतोय. लपवत काही नव्हता. बोलायच्या आधी गाडी न्यूट्रलमध्ये टाकणारा माणूस तो.

महिन्याच्या एका रविवारी सिद्राला बापाकडे न्यायचं ठरलं होतं. झुहेबला रविवारी गिऱ्हाईक असायचं, म्हणून न्यायला आणि सोडायला यायचा नदीम. दिवसभर तिला खेळवायचाही तोच. झुहेब दुपारी दुकानातून येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि झोपायचा. सिद्रा अब्बाकडे जाते म्हणायची, पण चाचाकडे जायची.

पुढच्या रविवारी तो तिला सोडायला आला तेव्हा मी त्याला उल्हास नदीच्या पुलाजवळ थांबवलं. सिद्राला पुढे भेळ घ्यायला पाठवलं.

"नदीम, मला तुझ्याशी निकाह करायचाय."

तो स्टिअरिंगकडे बघत राहिला. खाली नदीत कुणीतरी म्हशी धूत होतं. एक म्हैस धुऊन झाली.

"भाभी..."

"आधी हे भाभी म्हणणं बंद कर."

"भायवर राग हाय म्हणून?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण समोरचा माणूस असा होता की खोटं त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागला असता आणि तोपर्यंत माझंच तोंड मला सांगून गेलं असतं.

"हो. पोरगी माझ्याकडे राहावी म्हणून, आणि त्याची झोप उडावी म्हणून. तू चांगला आहेस, हे तिसरं कारण."

"तिसरं का असेना, हाय ना?"

"आहे."

"मला विचार करायला वेळ दे."

"किती?"

"गाडी वळवून येतो."

आणि तो खरंच गेला. पुलावरून पलीकडे गेला, पेट्रोल पंपाच्या अंगाने गाडी वळवली आणि परत आला. काच खाली केली.

"चालेल. पण एक सांगतो. तुझा राग भायशी हाय. तो माझ्या ताटात वाढायचा नाय."

"नाही वाढणार."

हे वचन मी आजवर पाळलं आहे. त्याच्या ताटात कधीच वाढला नाही.

निकाहाची बातमी झुहेबला माझ्या भावाने फोन करून दिली. झुहेबने गिऱ्हाईक सोडलं, दुकान सोडलं आणि आदल्या दिवशी मोहियुद्दीनचाचांच्या ओट्यावर येऊन उभा राहिला. आम्ही सगळे तिथेच होतो.

"हे चालणार नाय! आपलं ठरलं होतं! चाचा, तुमच्यासमोर ठरलं होतं!"

"काय ठरलं होतं?" चाचांनी विचारलं.

"निकाह केला तर पोरगी माझी!"

"कुणाशी केला तर?"

झुहेब आईकडे बघायला लागला.

"मी तुला म्हटलं होतं, विचार करून बोल. तू म्हणालास, विचार करूनच बोलतोय, परक्याशी. आता हा नदीम. पोरीचा सख्खा चुलता. तो परका कसा? परका असला तर तुझ्या आईला विचार, ती सांगेल तो कुठून आणला."

शहाजादीबी पदराआड खोकली. ती हसली की खोकली, ते मला अजून कळलेलं नाही.

"अम्मी, तू तरी काय बोल!"

"मी काय बोलू रं? माझे दोन पोरगे. एकाने सून घालवली, दुसऱ्याने परत आणली. माझी सून माझ्याच घरात राहिली."

"नदीम, तुला लाज नाय वाटली?"

नदीमने नेहमीसारखा वेळ घेतला. मग म्हणाला, "वाटली होती. तू बॅग घेऊन गेलास त्या दिवशी."

दुसऱ्या दिवशी मी खालापूरच्या त्या घरात शिरले, ज्या दारातून बाहेर पडले होते त्याच दारातून. हातात लाल बॅग. पडवीत झुहेब उभा होता. मी बॅग बरोब्बर त्याच्यासमोर ठेवली आणि चेन उघडली. वरती माझा रोट्यांचा तवा होता.

"बरं झालं ठेवून गेलात," मी म्हटलं. "लागली."

घर दोन भावांत वाटलेलं. पडवी एक, विहीर एक, फाटक एक, मध्ये ती भिंत. तिथे राहून मी जे केलं त्याला कुणी भांडण म्हणू शकणार नाही. मी एकदाही आवाज चढवला नाही. मी फक्त कायद्याने वागले.

झुहेब म्हणाला होता, वली मी. मी म्हटलं, बरोबर, वली तुम्हीच. नदीम चाचा आहे, मी नुसती सांभाळणारी. मग सिद्राच्या शाळेतून काहीही आलं की मी म्हणायची, "जा, वलीला सांग." पालकसभा आहे, वलीला सांग. आधारकार्डावर नाव चुकलंय, वलीला सांग. गोवरची लस आहे, कवायतीला पांढरे बूट लागतात, डोक्यात उवा झाल्यात म्हणून बाईंनी बोलावलंय, वलीला सांग. उवांच्या दिवशी तो तालुक्याच्या एका बिल्डरला कमोड दाखवत होता. सिद्रा दुकानात जाऊन मोठ्याने म्हणाली, "अब्बा, माझ्या उवांसाठी तुम्हाला बोलावलंय. तुम्ही वली ना?" बिल्डरने हळूच खुर्ची मागे सरकवली.

पालकसभेला त्याला पोरांच्या बाकावर बसवायचे. गुडघे हनुवटीला लागायचे. वर्गाच्या बाई त्याला सांगायच्या, अक्षर सुधारा, डब्यात वेफर्स देऊ नका, मुलीशी रोज थोडं बोलत जा. मी मागे खिडकीशी उभी राहून ऐकायची. एकदा त्याने बाईंना सांगून बघितलं, "हिच्या आईला सांगा ना." बाई म्हणाल्या, "अहो, पालक म्हणून तुमचंच नाव आहे. तुम्हीच तर हट्टाने लिहायला लावलंत." त्या दिवशी घरी येऊन मी नदीमला गोडाचं केलं. त्याने का म्हणून विचारलं नाही. ताट स्वच्छ केलं.

तस्लीमबद्दल मला सांगायला हवं. तिचं मी काही बिघडवायला गेले नव्हते, पण माझ्या रोट्यांचा वास भिंतीवरून जायचा आणि झुहेब तिच्या रोट्या चिवडायचा. तिला जुळे मुलगे झाले. विहिरीवर ती एका कडेवर एक, दुसऱ्या कडेवर दुसरा अशी यायची आणि रहाट ओढायला तिसरा हात शोधायची. एके दिवशी मी तिची कळशी भरून दिली, तेव्हा तिने मला पहिल्यांदा बाजी म्हटलं, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. ती म्हणाली, "बाजी, मला निकाहाच्या आधी माहीत नव्हतं हो तुमच्याबद्दल. त्यांनी सांगितलं होतं, पहिली वारली."

मी कळशी खाली ठेवली. मग मी म्हटलं, "वारलेली बाई तुझं पाणी भरतेय. जपून ने." दोघी हसलो. माझ्या हिशेबातून तिचं नाव तिथे कटलं आणि झुहेबचं आणखी ठळक झालं.

झुहेबकडे एक आशा उरली होती. ती त्याने मोबाइलवर मिळवली. कुणी मौलाना सांगत होते की मुलगी आईकडे राहते ती वयात येईपर्यंत. त्यानंतर बापाकडे. झुहेबने तो व्हिडिओ पडवीत बसून, आवाज वाढवून पुन्हा पुन्हा लावला. मला ऐकू जावा म्हणून. मग वर म्हणाला, "थोडी वर्षं. पोरगी वयात आली की हिची मुदत संपली. शाळाबिळा पुरे. तस्लीमला जुळ्यांसाठी हात पाहिजेच हाय."

तिथे माझी मजा संपली. सिद्रा तेव्हा नवव्या वर्षात होती. तिला कबड्डीच्या संघात घेतलं होतं. गणितात ती बापाला पुरून उरायची. आणि या माणसाला ती जुळ्यांचं ढुंगण धुवायला हवी होती. आमच्याकडे सगळ्याच बायकांना वाटायचं की मौलाना म्हणतात तेच खरं असेल. मलाही वाटलं. तिथून पुढे पोर उंच झाली, फ्रॉक आखूड झाला, की लोकांच्या आया खूश होतात. मी मात्र फ्रॉकची शिवण उसवून तो लांब करायची.

सिद्रा बारा वर्षांची झाली आणि यंदा रमजानच्या थोडं आधी ते झालंच. तिने मला न्हाणीतून हाक मारली. मी तिला सगळं समजावलं, जवळ घेतलं, आणि शेवटी म्हटलं, "हे कुणाला सांगायचं नाही." पोरीने विचारलं, "वाईट आहे का?" मी म्हटलं, "नाही गं, चांगलं आहे. फक्त आपल्या घरात नाही."

या घरात एक रिवाज होता. पोर मोठी झाली की आजी गुळाची सांदणं करून नात्यात पाठवते. बोलायचं काही नाही, डबा उघडला की ज्याला कळायचं त्याला कळतं. मी गूळ वरच्या फळीवर चढवून ठेवला. पण शहाजादीबीला काय लपणार? तिने पोरीकडे एकदा बघितलं, वरच्या फळीकडे एकदा बघितलं आणि माझ्याकडे आली.

"सांदणं नाय करायची?"

"नाही."

म्हातारी खांबाला टेकली. मी तयारीत होते. निकाहाच्या आदल्या दिवशी बोलली ते सोडलं, तर तिने कधी माझी बाजू घेतली नव्हती. जमातीत माझी सुटका झाली तेव्हा ती जपमाळ ओढत बसली होती.

"मला तेराव्या वर्षी दिली," ती म्हणाली. "आईने सांदणं वाटली आणि पुढच्या महिन्यात दिली. मला गुळाची सांदणं आवडायची गं. नंतर कधी खाल्ली नाय." आणि कमरेवर हात ठेवून निघून गेली.

रमजान लागला. सिद्रा रोजे हट्टाने धरायची. मधले काही दिवस तिला धरायचे नव्हते. मी घाबरले ते याच दिवसांना. बाईमाणसाने या दिवसांत रोजा धरायचा नसतो, हे पुरुषांनाही माहीत असतं. झुहेब पडवीतून बघायचा, कोण पाणी पितं आणि कोण नाही.

पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "सिद्राचा रोजा नाय आज?"

मी तोंड उघडायच्या आत शहाजादीबी म्हणाली, "पोट दुखतंय तिचं. मीच म्हटलं नको धरू."

दुसऱ्या दिवशी तस्लीमने दोरीवरचं सिद्राचं धुणं उचललं आणि स्वतःच्या धुण्यात मिसळून टाकलं. माझ्याकडे बघितलंही नाही. पोरगी भिंतीपलीकडे गेली असती तर तिलाच हात मिळाले असते. तिला ते नको होतं.

स्वयंपाकघरात मी सासूला म्हटलं, "अम्मी, रमजानात खोटं बोललात माझ्यासाठी."

"मी काय खोटं बोलले? पोट दुखतंय म्हटलं. दुखत नाय काय तिचं?"

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मोहियुद्दीनचाचा इफ्तारला आमच्याकडे होते. पडवीत दस्तरखान पसरलेलं, खजूर, भजी, सरबत, माझी साधी सांदणं. अजान झाली, सगळ्यांनी रोजा सोडला. झुहेबने पाणी प्यायलं आणि ग्लास ठेवला.

"चाचा, बरं झालं आलात. एक निवाडा करून जा. सिद्राने मधे काय दिवस रोजे धरले नायत. घरातल्या बाया सांगतात पोट दुखतं. मी काय वेडा नाय. पोरगी मोठी झाली. हिची मुदत संपली."

सिद्रा सरबताचा जग घेऊन उभी होती. तिचे कान लाल झाले. नदीमने हातातलं भजं खाली ठेवलं. मला वाटलं आता तो बोलेल, पण त्याला वेळ लागतो, आणि त्याआधी चाचा बोलले.

"बापाने पोरीचे रोजे मोजायचे नसतात, झुहेब. आपले मोजावेत."

"ते ठीक, पण वयात आली की बापाकडे..."

"हे कुठनं काढलंस?"

"मौलानांनी सांगितलं. व्हिडिओ हाय माझ्याकडे."

चाचांनी व्हिडिओ अर्धा मिनिट बघितला आणि मोबाइल परत दिला. "हे बरोबर सांगतायत. पण हनफी पंथाच्या लोकांचं सांगतायत. आपण कोण?"

झुहेबने इकडेतिकडे बघितलं.

"आपण कोकणी. शाफई. तुझा बाप शाफई, आजा शाफई, तू नमाजला हात बांधतोस ते कुणासारखे? आपल्यात पोराला समज आली की पोरालाच विचारतात, आईकडे राहायचं की बापाकडे. वयात यायचा संबंधच नाय. सात-आठ वर्षांची झाली तेव्हाच विचारायला पाहिजे होतं."

मी त्या महिन्याभरात फळीवर चढवलेला गूळ आठवत होते, आणि त्याआधीची माझी सगळी भीती. झुहेब इतकी वर्षं चुकीच्या थांब्यावर गाडीची वाट बघत उभा होता. आणि मी त्याच्याशेजारीच उभी होते.

"मग आता विचारू," चाचा म्हणाले. "सिद्रा, बेटा, इकडे ये. भ्यायचं नाय. तुला कुठे राहायचंय?"

सिद्राने जग खाली ठेवला नाही. आधी चाचांचा ग्लास भरला, मग आजीचा, मग नदीमचा. मग बापाच्या ग्लासापाशी आली आणि थांबली.

"अब्बा, तुम्ही बॅग आणली होती, ती आठवते?"

"कुठली बॅग?" झुहेब म्हणाला. त्याला खरंच आठवत नव्हती.

"लाल. मी तिच्यात कबड्डीचे कपडे ठेवते आता." मग चाचांकडे वळली. "मी आईकडे राहणार. आणि वली अब्बाच राहू देत. शनिवारी पालकसभा आहे." आणि बापाचा ग्लास काठोकाठ भरला. इतका, की उचलला तर सांडणार.

शहाजादीबी खोकली. या वेळी मला कळलं, ती हसलीच होती. "नाजनीन, वरच्या फळीवरचा गूळ काढ गं," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "उद्या सांदणं करायची. पहिलं मी खाणार."

भांडी घासायला मी विहिरीवर बसले. नदीम पाणी ओढून देत होता. मी इतकी खूश होते की मला हात हलवत ठेवायला लागत होते. मला वाटलं, तोही खूश आहे.

मग म्हणाला, "माझ्या ताटात नाय वाढलंस. शब्द पाळलास."

"मग?"

"तिच्या ताटात वाढलंस."

मी राखेचा हात तसाच धरून बसले. पडवीत सिद्रा दस्तरखान झटकत होती. ग्लास बापासमोर ठेवताना तिच्या तोंडावर जे होतं, ते मी ओळखलं होतं. झुहेबसमोर लाल बॅग उघडताना माझ्या तोंडावर होतं, तेच. मला अभिमान वाटला होता. अजूनही वाटतो आहे, यात काही खोटं नाही. पण ती बारा वर्षांची आहे आणि मी तेव्हा बत्तीसची होते.

"तिला पचेल," मी म्हटलं.

"तुला पचलं?"

मी उत्तर देणार होते. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. झुहेबचा, खाली मान घालून बोलल्यासारखा.

"शनिवारी किती वाजता गं?"

मला विचारत होता की पोरीला, ते कळलं नाही.

"साडेनवाला," सिद्रा पडवीतून म्हणाली. मग थोडं थांबून, आवाज थोडा उतरवून, "मागच्या वेळचा बाक छोटा होता ना, अब्बा? बाईंना सांगून तुमच्यासाठी खुर्ची ठेवते."

नदीमने माझ्याकडे बघितलं. मी शेवटचं ताट उचललं आणि घासायला घेतलं. ते आधीच स्वच्छ होतं.